फायबर ग्रामपंचायतीपाशीच का थांबते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ग्रामीण भागातील इंटरनेटविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण इतर अनेक पत्रांतही थोड्याफार फरकाने आलेली आहे.

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात, ग्रामपंचायत कार्यालयापासून सुमारे तीन किलोमीटर अंतरावरच्या वाडीत आहे. मुलगा पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असून कंपनीने त्याला घरून काम करण्याची मुभा दिली आहे, परंतु मोबाईलच्या रेंजवर त्याची एकही मीटिंग धड पार पडत नाही. ग्रामपंचायतीत फायबरची पेटी बसवलेली आहे, पण ती चालू असलेली कोणी पाहिलेली नाही. दोन खासगी कंपन्यांकडे विचारणा केली. एकीने सेवा उपलब्ध नसल्याचे कळवले, दुसरीचा माणूस जागा पाहून गेला तो पुन्हा फिरकला नाही. सरकारी यादीत मात्र आमचे गाव ‘जोडलेले’ आहे. आम्ही नेमके कोणाकडे जावे?

उत्तर : आपले गाव यादीत जोडलेले असणे आणि आपल्या घरी इंटरनेट नसणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण यादी करताना मोजले गेले ते ग्रामपंचायत कार्यालय. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली आणि २०१५ साली त्याचे ‘भारतनेट’ असे नामकरण झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेणे हे त्याचे मूळ उद्दिष्ट होते. घाटमाथ्यावर गाव एका जागी वसलेले असते, तेथे ही मोजणी बरीचशी चालून जाते. कोकणात एकेका ग्रामपंचायतीखाली पाच-सात वाड्या असतात, त्या पऱ्ह्यांनी (पावसाळी ओढ्यांनी) आणि डोंगरांनी एकमेकींपासून तुटलेल्या असतात, आणि महसुली दप्तरात वाडीची बहुधा स्वतंत्र गाव म्हणून नोंदही नसते. त्यामुळे ग्रामपंचायतींची मोजणी पूर्ण झाली काय किंवा पुढे महसुली गावांची झाली काय, वाडी दोन्ही हिशेबांतून निसटते. माझ्या मते कोकणातील दुरवस्थेचे हे मूळ आहे, आणि कंपन्यांची अनास्था हा त्यानंतरचा भाग आहे.

म्हणून कोणती कंपनी चांगली हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि आपल्या घराच्या सर्वांत जवळ जिवंत फायबर कोठे आहे, हे आधी शोधावे. ते ग्रामपंचायतीतच असेल असे नाही. मोबाईलचा एखादा टॉवर, बँकेची शाखा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा महामार्गालगतचे दूरध्वनी केंद्र येथेही ते असू शकते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पिनकोड टाकून आपल्या भागात तारेने सेवा देणारे कोण आहेत ते पाहता येते. अर्थात पिनकोडच्या हद्दीत सेवा आहे म्हणजे वाडीत आहे असे नव्हे, तरीही कोणाचे दार ठोठवायचे ते त्यावरून कळते. तालुक्याच्या गावातील केबलवाल्यास विचारल्यास याहून अधिक माहिती मिळण्याचा संभव आहे, कारण कोणाची केबल कोणत्या खांबावरून जाते हे त्याला पाठ असते.

ग्रामपंचायतीतील बंद पेटीचीही चौकशी करावी. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यातील काम केंद्र सरकारच्या यंत्रणेने, मुख्यतः बीएसएनएलमार्फत, केले, तर दुसऱ्या टप्प्यातील काम राज्य सरकारच्या महाआयटीने ‘महानेट’ या नावाने केले. आपली पेटी कोणाची हे ग्रामसेवकांना ठाऊक नसेल तर पेटीवरील नाव व क्रमांक यांचे छायाचित्र काढून ठेवावे, अन्यथा तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते. पेटी बंद असण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. वीजजोडणी तोडलेली असते, बॅटरी निकामी झालेली असते, किंवा रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडलेली असते आणि ती जोडण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसते. पहिल्या टप्प्यातील जोडण्या एका ओळीत होत्या. तालुक्याच्या केंद्रातून निघालेली केबल वाटेत एका जागी तुटली की तिच्या पुढचे सगळे बंद पडत असे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात यासाठी वर्तुळाकार जोडणी ठरवली आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. केबल तुटू नये म्हणून खोदण्यापूर्वी सूचना देण्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅपही मार्च २०२३ पासून आहे. आपल्याकडच्या किती ठेकेदारांनी ते उघडून पाहिले असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता पेटीपासून घरापर्यंतच्या तीन किलोमीटरांविषयी. ‘एवढ्या लांब केबल चालत नाही’ असे कोणी सांगितले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. घरोघरी फायबर देण्यासाठी वापरले जाणारे जीपॉन तंत्र साधारण वीस किलोमीटरपर्यंत चालण्यासाठीच बनवलेले आहे. त्यात प्रकाशाची जी घट सोसता येते ती सुमारे २८ डेसिबेल असते. एका धाग्याचे बत्तीस घरांत वाटप करणाऱ्या स्प्लिटरमध्ये त्यातील सतरा-अठरा डेसिबेल खर्ची पडतात, आणि तीन किलोमीटर केबलमध्ये जेमतेम एक डेसिबेल. अंतराची अडचण तांत्रिक नाही. ती खांब, केबल आणि दुरुस्ती यांच्या खर्चाची आहे, आणि तो खर्च एका घराच्या मासिक भाड्यातून कोणाही व्यावसायिकाला परत मिळत नाही. जागा पाहून गेलेला माणूस पुन्हा का आला नाही, याचे उत्तर बहुधा हेच आहे. त्याने वाटेतील घरे मोजली असतील.

तेव्हा घरे आपण मोजावीत. आपल्या वाडीतील आणि वाटेवरच्या वाड्यांतील जी कुटुंबे जोडणी घेण्यास आणि दरमहा पैसे भरण्यास खरोखर तयार आहेत त्यांची सह्यांनिशी यादी करावी. तिच्यात शाळा, अंगणवाडी, दूध संकलन केंद्र, घरगुती पर्यटन निवास आणि मुंबईकरांची गणपतीला व मे महिन्यात उघडणारी घरे वेगवेगळी दाखवावीत. मुंबईकरांची घरे आकडा फुगवण्यासाठी यादीत घालण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण वर्षातून दीड महिना चालणाऱ्या जोडणीवर केबलवाल्याचा हिशेब बसत नाही आणि पहिल्याच वर्षी त्याचा विश्वास उडतो. उलट एखाद्या मंडळाने किंवा मुंबईतील ग्रामस्थांनी खांबांच्या खर्चात एकदाच मदत केली तर ती अधिक उपयोगी पडते. पंधरा-वीस पक्की घरे असतील तर बीएसएनएलच्या स्थानिक भागीदाराशी बोलण्यात अर्थ आहे. ग्रामीण भागात बीएसएनएलची फायबर सेवा पुष्कळ ठिकाणी असे भागीदार महसुलात वाटा घेऊन चालवतात, आणि हा भागीदार बहुधा तालुक्यातला केबलवालाच असतो.

हीच यादी जोडून ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. वर उल्लेखिलेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतींखेरीज उरलेल्या गावांना मागणीनुसार फायबर देण्याची तरतूद आहे. तिचा लाभ मिळण्यासाठी मागणी कागदावर असावी लागते, आणि ठरावात गावाच्या नावाबरोबर वाडीचे नाव, घरांची संख्या आणि पेटीपासूनचे अंतर स्पष्ट लिहिलेले असावे. ‘गावास इंटरनेट मिळावे’ एवढाच ठराव पाठवल्यास ‘गाव जोडलेले आहे’ एवढेच उत्तर येईल.

खांबांच्या बाबतीत आधीच सावध राहावे. महावितरणच्या खांबांवरून परवानगीशिवाय केबल ओढल्यास ती केव्हाही खाली उतरवली जाऊ शकते, आणि खांबांवरील वीजवाहिनीजवळ धातूची तार असलेली केबल धोकादायकही असते. धातूरहित, म्हणजे बाजारात एफआरपी या नावाने मिळणारी केबल घ्यावी. कोकणातील विजांचा विचार करताही तीच बरी. जांभ्यात चर खणणे महाग असल्याने केबल वरूनच न्यावी लागेल, आणि आंबा-काजूच्या बागांमधून जाताना बागमालकांची संमती तोंडी न ठेवता लेखी घ्यावी. पहिल्या मोठ्या वादळात एखादी फांदी केबलवर पडणारच आहे असे धरून दुरुस्तीस कोण येणार आणि किती वेळात येणार हे भागीदाराशी आधी ठरवावे. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही दोन्ही चक्रीवादळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

फायबर वाडीपर्यंत येण्यास वेळ लागेल. तोपर्यंत ग्रामपंचायतीजवळच्या किंवा रस्त्यालगतच्या एखाद्या घरात फायबर जोडणी मिळत असेल, तर तेथून आपल्या घरापर्यंत रेडिओ दुवा, म्हणजे दोन तबकड्यांमधील बिनतारी जोडणी, उभारता येतो. पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातील मोठा भाग केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त केला असून त्यात ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत चालणारी उपकरणे बाजारात मिळतात. दोन्ही टोकांच्या तबकड्यांना एकमेकी स्वच्छ दिसणे ही त्यातील मुख्य अट आहे, आणि तेथेच बहुतेकांचे गणित चुकते. दुर्बिणीतून समोरचे छप्पर दिसले म्हणजे पुरले असे नसते. तीन किलोमीटरच्या दुव्यात मध्यभागी दृष्टिरेषेभोवती सुमारे सहा मीटर त्रिज्येचा पट्टा असतो आणि त्याचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. त्यात माडाच्या झावळ्या आल्या तर उन्हाळ्यात चालणारा दुवा पावसाळ्यात ओल्या पानांमुळे रडू लागतो. मधला सडा (कातळाचे पठार) उंच असेल तर त्यावर पुनःक्षेपणासाठी एक खांब आणि सौर पॅनेल लागेल, आणि मग खर्चाबरोबर गुराख्यांपासून माकडांपर्यंत सर्वांची काळजी वाढेल. दुसऱ्याच्या घरातील जोडणी अशी पुढे नेण्यास सेवा देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. तीच जोडणी शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणे मात्र कायद्यात बसत नाही. तसे करायचे असल्यास डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदार किंवा घरमालकाला परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवता येते, आणि अशा केंद्रासाठी कंपन्यांनी किती दर लावावा यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जून २०२५ मध्ये कमाल मर्यादा घातली आहे.

आपल्या मुलाची गरज किती आहे, हेही एकदा तपासावे. जाहिरातींतील दोनशे-तीनशे एमबीपीएसची त्याला आवश्यकता नाही. चित्रसंवादाला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस पुरतात आणि दहा-वीस एमबीपीएसमध्ये एका माणसाचे कार्यालयीन काम आरामात होते, मात्र ती गती दिवसभर टिकली पाहिजे आणि वीज गेल्यावरही जोडणी चालू राहिली पाहिजे. घरातील फायबरचे उपकरण जेमतेम दहा-बारा वॅट वीज घेते, त्यामुळे बारा व्होल्टचा छोटा यूपीएस त्याला काही तास सांभाळतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे केबलवाल्याच्या केंद्रात, बॅटरीची काय व्यवस्था आहे हे विचारण्यास मात्र सहसा कोणी जात नाही. कोकणात जोडणी घेताना गतीच्या आधी तेच विचारावे असे माझे मत आहे.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आमचे घर आहे. फायबर येण्याची आशा नाही. मोबाईलवर रेंजच्या काड्या कधी पूर्ण, कधी दोनच दिसतात आणि रात्री नेट जवळजवळ थांबते. बाजारात सिग्नल बूस्टर मिळतो, तो बसवावा का?

उत्तर : बूस्टर बसवू नये. दूरसंचार कंपनीच्या व सरकारच्या परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे आणि वापरणे कायद्याने गुन्हा आहे, मग ते दुकानात किंवा ऑनलाइन उघडपणे मिळत असले तरीही. या बंदीमागे कारण आहे. स्वस्त बूस्टर आपल्या फोनच्या संदेशाबरोबर कचराही मोठा करून टॉवरकडे पाठवतो आणि त्याने त्या टॉवरवरील सगळ्या गावाची रेंज बिघडते.

काड्यांवर विसंबू नये, कारण त्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या स्थितीत सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएम असा ऋण आकडा असतो. उणे ९० च्या आसपास तो असेल तर सिग्नल चांगला आहे, उणे ११० च्या पलीकडे गेला तर फारच क्षीण आहे. त्यानंतर पहाटे पाच वाजता आणि रात्री नऊ वाजता एकाच जागी गती मोजावी. पहाटे गती चांगली आणि रात्री वाईट असेल तर सिग्नलचा दोष नाही. टॉवरवर गर्दी आहे, किंवा टॉवरला मागून मिळणारी जोडणीच अपुरी आहे, आणि यावर कोणताही अँटेना उपाय नाही; अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम घेऊन पाहणे हाच स्वस्त प्रयोग ठरतो. ट्रायच्या आदेशामुळे कंपन्यांना आपले सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात, ते सिम घेण्यापूर्वी पाहावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने देशी बनावटीचे फोर-जी जाळे सुरू केले असून त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरला जातो. अशा खालच्या पट्ट्यातील लहरी डोंगराळ भागात दूरवर पोहोचतात, पण त्या पट्ट्याची रुंदी कमी असल्याने रेंज भरपूर आणि गती बेताची असाही अनुभव येतो.

दोन्ही वेळा गती सारखीच वाईट असेल आणि आकडा उणे १०५ च्या पलीकडचा असेल, तर अँटेनाचा उपयोग होईल. सिम घालता येणारे आणि घराबाहेर खांबावर बसवता येणारे राउटर मिळते, ते टॉवरच्या दिशेने लावून खाली फक्त नेटवर्कची केबल आणावी. अँटेना वर आणि राउटर खाली ठेवून मध्ये दहा मीटर बारीक केबल टाकल्यास त्या केबलमध्येच दहाएक डेसिबेल, म्हणजे मिळालेल्या सिग्नलचा नऊ दशांश भाग, नाहीसा होतो. स्थानिक वायरमन हे हमखास असेच करतात. खांबाला अर्थिंग द्यावे आणि ढगांचा गडगडाट सुरू झाल्यावर केबल उपटून ठेवावी.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आम्ही शंभर एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली आहे. प्रत्यक्षात आठ-दहाच मिळतात आणि तक्रार केली की ‘सोडवली’ असा संदेश येतो. ट्रायकडे तक्रार करावी का?

उत्तर : ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. आधी राउटरला संगणक तारेने जोडून गती मोजावी, कारण जाड भिंतींच्या घरातील वायफायवर मोजलेला आकडा कंपनी मान्य करणार नाही आणि तिचे ते म्हणणे योग्यही आहे. तारेवरही दहाच मिळत असतील तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. न सोडवता ती बंद केल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत दाद मागता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. जोडणी पूर्ण बंद राहून दुरुस्ती ठरलेल्या मुदतीपलीकडे रखडली तर भाड्यात सवलत मिळण्याची तरतूदही नियमांत आहे, पण ती सहसा मागितल्याशिवाय मिळत नाही.

अपिलानेही काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे चालत नाहीत असा युक्तिवाद कंपन्या पूर्वी करत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो फेटाळला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क नाही.

प्रश्न : नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात सातपुड्याच्या डोंगरात आमची आश्रमशाळा आहे. उपग्रहावरून इंटरनेट मिळणार असे ऐकतो. त्याची वाट पाहावी का?

उत्तर : आपल्यासारख्या जागेसाठी तो योग्य मार्ग आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि दुर्गम जिल्ह्यांत ज्यांची नावे घेतली गेली त्यांत गडचिरोलीबरोबर नंदुरबारही आहे. सरकारी संस्थांना प्राधान्य देण्याचा त्यात विचार असल्याने शाळेचे नाव प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत आताच लेखी कळवून ठेवावे.

जुन्या पद्धतीच्या उपग्रह जोडणीत उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रत्येक संदेशाला जाऊन येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि वर्गात चित्रसंवाद चालवताना बोलणी एकमेकांवर आदळतात. नव्या पद्धतीचे उपग्रह सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर फिरत असल्याने ही अडचण राहत नाही, परंतु ते सतत सरकत असल्यामुळे तबकडीला आकाशाचा बराच मोठा भाग मोकळा लागतो. शाळा दरीत असेल किंवा सागाच्या झाडांनी वेढलेली असेल तर तबकडी छपराऐवजी मैदानाच्या कडेला उंच खांबावर घ्यावी लागेल. ही तबकडी फायबरच्या उपकरणाच्या कित्येक पट, साधारण पाऊणशे ते शंभर वॅट, वीज घेते, त्यामुळे शाळेतील सौर संच आणि बॅटरी तेवढा भार शाळेच्या वेळेत पेलतात का हे आधी मोजून घ्यावे. मुसळधार पावसात काही मिनिटे जोडणी तुटेल हे गृहीत धरून ऑनलाइन परीक्षेच्या दिवसांसाठी मोबाईलचे एक सिम राउटरमध्ये राखून ठेवावे. नोंदणीसाठी आगाऊ रक्कम मागणारे मध्यस्थ गावात आल्यास त्यांना पैसे देऊ नयेत. सेवा आपल्या पिनकोडवर सुरू झाल्याचे कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसल्यानंतरच व्यवहार करावा.